मोलवरून ग्रॅम काढताना या चुका टाळा

मोल (पदार्थाचं प्रमाण मोजायचं एकक) गुणिले रेणुवस्तुमान (सूत्रातल्या सगळ्या अणूंच्या वस्तुमानांची बेरीज), की झाले ग्रॅम. एका ओळीचं गणित. तरी अकरावीच्या पेपरात इथे मार्क जातात, आणि बहुतेक वेळा गुणाकार बरोबरच असतो. चुकतं ते सूत्र वाचताना.

सगळ्यात जास्त फसवतो कंस. रावेर-यावलकडे केळीला ठिबकातून सोडतात तो युरिया घ्या. एक कार्बन, एक ऑक्सिजन, मग कंसात एक नायट्रोजन आणि दोन हायड्रोजन, कंसाबाहेर २. हा २ कंसातल्या दोघांनाही लागतो: १२ + १६ + २८ + ४ = ६०. तो फक्त हायड्रोजनला लावला, तर येतात ४६. गंमत म्हणजे युरियाच्या गोणीवरही ४६ च छापलेलं असतं, त्यामुळे उत्तर बरोबर आलंय असंच वाटतं! ते ४६ म्हणजे नत्राची, म्हणजे नायट्रोजनची टक्केवारी. २८ भागिले ६० करून बघा, जवळपास तेवढंच येईल. युरिया शुद्ध धरला तर ४५ किलोच्या गोणीत ७५० मोल होतात. पण त्याआधी किलोचे ग्रॅम करा, नाहीतर पाऊण मोल येईल.

दुसरी जागा मोरचुदाची, म्हणजे निळ्या कॉपर सल्फेटची. सूत्रातलं टिंब गुणाकाराचं नाही. त्यापुढचे पाण्याचे पाच रेणू मिळवायचे असतात. कॉपर सल्फेटचे १५९.५ अधिक पाण्याचे ९० म्हणजे २४९.५. म्हणून ०.२ मोल निळं मोरचूद ४९.९ ग्रॅम भरतं. पाणी विसरलात तर ३१.९. प्रश्नात ‘निर्जल’ (पाण्याविना) म्हटलं असेल तरच १५९.५ घ्या. काही जण पाच फक्त हायड्रोजनला लावतात आणि ९० ऐवजी २६ मिळवतात.

बोर्डो मिश्रणात (पिकावर फवारायच्या बुरशीनाशकात) एक किलो मोरचूद आणि एक किलो कळीचा चुना घालतात, म्हणून दोघांचे मोल सारखे समजू नका. मोरचुदाचे जेमतेम ४, चुन्याचे जवळजवळ १८.

पोटॅशियमचे ३९ घ्यायचे, १९ नाही. १९ हा अणुअंक, म्हणजे अणूतल्या प्रोटॉनची संख्या. म्युरेट ऑफ पोटॅशचं (पोटॅशियम क्लोराइडचं) रेणुवस्तुमान ३६ आलं, तर दोन्ही मूलद्रव्यांचे अणुअंकच मिळवलेत, खरं उत्तर ७४.५.

आणि समीकरणात पाण्यामागे २ असला तरी रेणुवस्तुमान १८ च राहतं. दोन मोल पाणी म्हणजे ३६ ग्रॅम. रेणुवस्तुमानच ३६ धरून वर दोनने गुणणाऱ्यांचं ७२ येतं.