नाशिकमध्ये तरुणांचा गायनवृंद काढायचाय, तोही नव्या गाण्यांसाठी? मग हे वाचा

आधी एक ठरवून टाका. वीस-पंचवीस जणांनी मिळून जुनी हिट गाणी म्हणायचीत, की आजच्या संगीतकाराने खास तुमच्या ग्रुपसाठी काहीतरी नवं लिहावं असं वाटतंय? पहिलं असेल तर खुशाल करा, ट्रॅक मिळतात, टाळ्याही मिळतात. हे खालचं सगळं दुसरं करणाऱ्यांसाठी आहे.

आपल्या देशात हे काही नवं खूळ नाहीये. गायिका रुमा गुहा ठाकुरता यांनी १९५८ मध्ये कलकत्ता यूथ कॉयर (कॉयर म्हणजे गायनवृंद) सुरू केला, त्यामागे संगीतकार सलील चौधरी होते. तिकडे संगीतकार एम. बी. श्रीनिवासन यांनी सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला मद्रास यूथ कॉयर उभा केला आणि त्याच्यासाठी ते स्वतः वेगवेगळ्या भारतीय भाषांत चाली बांधत राहिले. मुंबईचे वनराज भाटिया आपल्याला सिनेमामुळे माहीत, पण कॉयरसाठीही त्यांनी लिहिलंय. मराठीत मात्र समूहगान म्हटलं की पंधरा ऑगस्ट आणि शाळेचं गॅदरिंग, त्यापुढे गाडी सहसा जात नाही. म्हणूनच जागा मोकळी आहे.

माणसं कुठून आणायची? गांधर्व महाविद्यालयाच्या शास्त्रीय गाण्याच्या परीक्षा दिलेली पोरं नाशकात गल्लोगल्ली सापडतात, मध्यमा झालेली, विशारद अर्धवट सोडलेली. कॉलेजात युवा महोत्सवाच्या समूहगीतात गायलेली असतात. आणि शरणपूरकडच्या चर्चमध्ये गाणाऱ्यांना विसरू नका, दुसरा वेगळा सूर गातोय आणि आपण आपला धरून ठेवायचा हे त्यांच्या कानाला सवयीचं असण्याची शक्यता जास्त. सोळा ते वीस जण पुरे. निवडताना ताना ऐकत बसू नका. तानपुरा लावा, तुम्ही प धरा आणि समोरच्याला ग धरायला सांगा, वीस सेकंद. भले भले तयारीचे गाणारे घसरत तुमच्या प वर येतात, कारण आपलं सगळं शिक्षण एकट्याने गायचं. जो ग वर टिकला तो घ्या, आवाज साधा असला तरी.

आता सगळ्यात मोठी भानगड म्हणजे सा, म्हणजे कोणत्या पट्टीत गायचं ते. मुलं साधारण काळी एकमध्ये (पेटीची पहिली काळी पट्टी हा त्यांचा सा) गातात, मुली काळी चारमध्ये, म्हणजे मुलींचा सा हा मुलांचा प झाला. दोघांना आपापल्या पट्टीत एकच चाल म्हणायला लावली तर काय होईल ते सांगायला नको. सोपा मार्ग असा की सा काळी एक ठेवायचा, सगळ्यांनी मिळून म्हणायची ओळ मध्य सा ते तार रे (वरच्या सप्तकातला रे) एवढ्यात बसवायची, आणि मुलींना चमकवायचं असेल तिथे त्यांना वर वेगळी ओळ द्यायची. खालच्या आवाजाच्या मुली मंद्र प (खालच्या सप्तकातला प) पर्यंत आरामात जातात, त्यांचा वापर करा, नाहीतर त्या बिचाऱ्या कायम कोरसच्या मागे हरवतात. हे सगळं एका कागदावर लिहून संगीतकाराला द्यायचं. त्याला तुमचा ग्रुप माहीत नसतो, तो डोक्यात एकच आवाज धरून चाल बांधतो.

संगीतकार शोधायला पुण्या-मुंबईला धावायची गरज नाही. राज्य नाट्य स्पर्धेच्या नाटकांना संगीत देणारे, भावगीतांच्या कार्यक्रमात स्वतःच्या चाली हळूच खपवणारे, इथेच भेटतील. त्यातल्या बऱ्याच जणांनी एकाच वेळी गायच्या तीन वेगळ्या ओळी एकावर एक अशा कधी लिहिलेल्या नसतात, म्हणून त्यांना आधी तालमीला बोलवा, नुसतं बसू द्या, ऐकू द्या. मग मागणी नेमकी करा: तीन-चार मिनिटं, तीन भाग (दोन मुलींचे, एक मुलांचा, कारण मुलं कमीच येणार), अमुक तारखेपर्यंत. आणि पैसे द्या हो! कमी द्या पण द्या, "दादा आपलेच आहेत" म्हणून फुकट घेतलेली चाल व्हॉट्सॲपवर ऑडिओ म्हणून येते, अंतरा नंतर पाठवतो म्हणतात आणि तो काही येत नाही. किती वर्षं गाणार, यूट्यूबवर टाकणार का, हेही साध्या कागदावर लिहून दोघांनी सही करा.

पहिलीच रचना असेल तर भूप राग सुचवा. सा रे ग प ध, शेजारी शेजारी अर्धा स्वर कुठेच नाही, त्यामुळे एक गट सुरू झाला आणि दुसऱ्याने केरवा तालाचं एक आवर्तन (आठ मात्रा) सोडून तीच ओळ उचलली तरी फारसं खटकत नाही. राग बिघडला म्हणणारे काका येतीलच, त्यांना पुढच्या रांगेत बसवा, चहा द्या.

शब्दांचं काय? कवी जिवंत असेल तर विचारा, बहुतेक जण आनंदाने देतात. गेलेल्या कवीच्या शब्दांवर निधनानंतर साठ वर्षं कॉपीराइट राहतो. म्हणजे कुसुमाग्रज १९९९ मध्ये गेले, तर २०५९ संपेपर्यंत वारसांची परवानगी लागणार, नाशिककर असलात तरी. बालकवी (१९१८), आपल्या नाशिकचे कवी गोविंद (१९२६), बहिणाबाई (१९५१) हे मोकळे आहेत. पण यांच्या ज्या कवितांच्या चाली आधीच लोकांच्या तोंडात बसल्यात त्या टाळा, पब्लिक मनात जुनी चाल म्हणत बसतं.

लिहिण्याचं म्हणाल तर स्टाफ नोटेशनचा हट्ट नको. एक्सेलमध्ये तक्ता करा, उभे रकाने मात्रांचे, आडव्या ओळी तीन भागांच्या, आत सरगम, कोमलला खाली रेघ, मंद्र-तारला टिंब. सगळ्यांना आपली आणि दुसऱ्याची ओळ एकाच वेळी दिसली पाहिजे. प्रत्येक भागाचा वेगळा ऑडिओ ग्रुपवर टाका. चाल बसेपर्यंत हार्मोनियम ठीक, नंतर बंद करून फक्त तानपुरा ठेवा, कारण पेटीचा शुद्ध ग तानपुऱ्यातून ऐकू येणाऱ्या ग पेक्षा किंचित चढा असतो आणि एकत्र धरलेल्या स्वरात तो फरक लगेच टोचतो.

वेळापत्रक नाशिकचं बघून ठरवा. जुलैपासून अर्धी पोरं ढोल पथकात, विसर्जनापर्यंत घसे बसलेले, मग परीक्षा, मग दिवाळी. डिसेंबरात सुरू केलंत तर २७ फेब्रुवारीला, कुसुमाग्रजांच्या जन्मदिवशी, मराठी भाषा गौरव दिनाला पहिला प्रयोग होऊ शकतो. कालिदास कलामंदिरासारखं मोठं नाट्यगृह लगेच बुक करू नका, भाडं आणि रिकाम्या खुर्च्या दोन्ही अंगावर येतात. शंभरेक माणसांचा छोटा हॉल बघा, माइकशिवाय आवाज पोचेल असा, कारण दोन माइकपुढे वीस जण उभे केले की जवळचे चौघंच ऐकू येतात.

नव्या रचनेचा पहिला प्रयोग सगळ्यांना हवा असतो, फोटो असतात, शाल असते. दुसरा कोणालाच नको असतो आणि गाणं तिथेच मरतं. म्हणून वर्षाला तीनच नव्या रचना घ्या आणि प्रत्येक किमान चार ठिकाणी गा: एखादं कॉलेज, एखादी सोसायटी, वाचनालयाचा कार्यक्रम, दिवाळी पहाट. एकाच कार्यक्रमात तीच रचना दोनदा म्हटली तरी चालतं, आधी म्हणायची, मग संगीतकाराने दोन मिनिटं बोलायचं, प्रत्येक भाग सुटा गाऊन दाखवायचा, परत पूर्ण म्हणायची, दुसऱ्या वेळी लोकांना खालची ओळ ऐकू यायला लागते. आणि ते एक्सेलचे तक्ते दुसऱ्या ग्रुपने मागितले तर संगीतकाराला विचारून देऊन टाका, सिन्नर-निफाडच्या पोरांनी तेच गाणं म्हटलं तर तुमचं काही कमी होत नाही.