राजमा-पास्त्याचं इटालियन सूप बिघडतंय? या चुका टाळा

पास्ता ए फाजोली, म्हणजे राजमा आणि पास्त्याचं सूप. इटलीत हे गरिबाघरचं जेवण, डब्यात जे असेल त्यातनं होणारं: सुके राजमे, मूठभर पास्ता, कांदा, लसूण, गाजर, टोमॅटो, तेल. तिकडे बोर्लोत्ती राजमा वापरतात, आपला ठिपक्यांचा चित्रा राजमा त्याच्या बराच जवळ जातो. एवढं सोपं असून बिघडतं कारण लोक सगळं एकदम कुकरमध्ये टाकून मोकळे होतात.

राजमा शिजायच्या आधी टोमॅटो. सगळ्यात मोठी चूक हीच. आंबटपणामुळे सालीतलं पेक्टिन, म्हणजे दाणा घट्ट धरून ठेवणारा घटक, विरघळत नाही, मग कितीही शिट्ट्या काढा, राजमा दाताखाली कचकच लागणारच. मीठ मात्र खुशाल घाला, मिठाने राजमा शिजत नाही हा गैरसमज आहे, उलट भिजवतानाच मीठ घातलं तर साल मऊ पडते. रात्रभर भिजवा, पाणी फेका, ताज्या पाण्यात कुकरला लावा. स्लो कुकरवाल्यांनी आधी 10 मिनिटं खळखळून उकळवाच, कच्च्या राजम्यात लेक्टिन नावाचं विष असतं आणि ते मंद आचेवर जात नाही, पोट चांगलंच बिघडतं. आणि हे सगळं करूनही दाणा टणकच राहिला तर तो जुना आहे, वर्ष-दोन वर्षं डब्यात पडलेला, त्याच्यावर गॅस जाळू नका.

फोडणीसारखी मोठी आच. आपला हात सवयीने तेल कडकडीत तापवतो. इथे कांदा, गाजर आणि मिळाली तर सेलेरी, एकदम बारीक चिरून, मंद आचेवर 10-12 मिनिटं. कांदा लाल व्हायला नको, नुसता मऊ आणि पारदर्शक. लसूण शेवटी, कारण करपला की अख्खं सूप कडू आणि त्यावर उपाय नाही, तेल फेका, परत सुरुवात. मग टोमॅटो प्युरी घालून तेल सुटेपर्यंत परता. केचप नको हो, गोड होतं!

कॉर्नफ्लॉवर. गरजच नाही. शिजलेल्या राजम्यातला तिसरा हिस्सा पळीने ठेचा किंवा मिक्सरला फिरवून परत घाला, राजम्याचं शिजवलेलं पाणीही ओतू नका, त्यातच घट्टपणा आहे.

पिझ्झाबरोबर आलेली ओरेगॅनोची पाकिटं फोडणं. ती चव पिझ्झाची. इथे रोझमेरीची एखादी काडी किंवा तमालपत्र पुरतं. गरम मसाला घातलात तर तो सरळ राजमा मसाला झाला, छान लागेल, पण मग पोळी करा.

पास्ता लवकर घालणं. बारीक पास्ता घ्या, दितालिनी (छोट्या नळ्यांचा पास्ता) नसेल तर एल्बो मॅकरोनी किंवा स्पॅगेटी मोडून, नेपल्सला तर उरलेसुरले वेगवेगळे पास्ते एकत्र करूनच घालतात. माणशी 30-40 ग्रॅम बास. जेवायला बसायच्या 10 मिनिटं आधी उकळत्या सुपात टाका आणि ढवळत राहा, नाहीतर तळाला धरतो. थोडा कच्चा असतानाच गॅस बंद, भांड्यात तो आपला आपण शिजतो. उद्यासाठी ठेवायचं असेल तर बिनपास्त्याचं सूप बाजूला काढा, पास्ता रात्रभर पाणी पीत बसतो आणि सकाळी लगदा. तरी झालंच तसं तर गरम पाणी घालून सैल करा, गार पाणी नको.

चीजबद्दल एकच, प्रोसेस्ड क्यूब सुपात टाकू नका. पार्मेजान, म्हणजे इटलीचं कडक चीज, असेल तर त्याची टणक साल सूप उकळतानाच टाका, काय चव उतरते! पण ती खारट असते, म्हणून मीठ सगळ्यात शेवटी चाखून. खारट झालंच तर अजून थोडा ठेचलेला राजमा आणि पाणी. आणि वाढताना वरून कच्चं ऑलिव्ह ऑइल, चमचाभर, कंजूषी न करता.