गिऱ्हाईक आहे, विक्री आहे, मग पैसा जातो कुठे? किराणा दुकानात या चुका टाळा

सोलापूरच्या पूर्व भागात आमचं किराणा दुकान आहे. आधी अण्णा चालवायचे, आता मी बसतो आणि अण्णा लक्ष ठेवतात (म्हणजे माझ्यावर). मार्केट यार्डात माल भरताना चार दुकानदार भेटले की रडगाणं ठरलेलं. मॉलनं मारलं, मोबाइलवरून माल मागवणाऱ्यांनी मारलं. त्यात खोटं काही नाही. पण 'विक्री किती घटली?' असं विचारलं की अर्धे जण म्हणतात, 'विक्री आहे हो, पैसाच दिसत नाही.' ज्यांची विक्रीच घटली आहे त्यांचं दुखणं वेगळं, त्याबद्दल मी इथे बोलत नाही. विक्री असून पैसा दिसत नसेल, तर मॉलला शिव्या द्यायच्या आधी आपल्याच फळीमागं बघा.

तीन वर्षांपूर्वी मी हेच कोडं सोडवत होतो. सेल्समनची बिलं भागवताना दर महिन्याला दोन-तीन हजार कमी पडायचे. चोरी म्हणावी तर दुकानात मी, अण्णा आणि कामाला एक पोरगा. शेवटी एका दुपारी साखरेचं ५० किलोचं पोतं फोडायच्या आधी त्याचं वजन केलं, ते बरोबर भरलं. अण्णांना म्हटलं, नेहमीसारख्या किलोच्या पुड्या बांधा. आणि नुसता बघत बसलो.

काट्यावर १.००० आलं की थांबायचं, बरोबर? अण्णा थांबत नव्हते. त्यांचा हात तागडीच्या काळातला. पारडं गिऱ्हाइकाकडं झुकल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही. १.०१०, १.०१५, एकदा तर १.०२२. त्यात काट्याच्या बरोबर डोक्यावर पंखा. वाऱ्यानं आकडा सारखा हलायचा, मग 'असू दे' म्हणत आणखी चिमूटभर. पोतं संपलं तेव्हा ४९ पुड्या झाल्या आणि तळाला ३८० ग्रॅम उरली. ६२० ग्रॅम साखर गेली. त्यातली थोडी फरशीवर सांडली होती, बाकी सगळी पुड्यांतून.

आता हिशेब बघा. ते पोतं मला २,०८० रुपयांना पडलं होतं, विक्री ४४ रुपये किलोनं. म्हणजे २,२००. कागदावर नफा १२० रुपये. ६२० ग्रॅमचे २७ गेले, पिशव्या-रबराचे २०, टमटम आणि हमालीचे पोत्यामागं १०. हातात राहिले ६३. कागदावरचा जवळजवळ पाव नफा आम्ही वाटून टाकत होतो आणि घेणाऱ्यालाही ते कळत नव्हतं. डाळ, तांदूळ, शेंगदाणे, रवा, सगळ्यांत हेच चाललेलं.

उपाय साधे आहेत. काटा पंख्याखालून हलवा, सपाट जागी ठेवा. पिशवीचं वजन आधी टेअर करून घ्या, म्हणजे रिकामी पिशवी ठेवून काटा शून्यावर आणा. शेवटचे वीस-तीस ग्रॅम मोठ्या मापानं न टाकता चमच्यानं टाका. पुड्या गर्दीत बांधू नका, मोकळ्या वेळात बांधा. सोलापुरात तो वेळ शोधावा लागत नाही. नळाला पाणी आलं की सगळी गल्ली घागरी आणि पाइप घेऊन धावते आणि दुकानात चिटपाखरू फिरकत नाही. आमच्याकडं पाण्याचा दिवस हाच पुड्यांचा दिवस. आणि हो, उलट्या बाजूला जाऊ नका. कमी माप हा गुन्हा तर आहेच, शिवाय इथल्या बायका पुडी हातात घेतली की वजन ओळखतात. वैधमापनवाल्यांकडून (सरकारचं वजन-मापं तपासणारं खातं) काट्यावर दरवर्षी शिक्का मारून घ्या.

गल्ला म्हणजे पाकीट नव्हे

पोराच्या शाळेची फी गल्ल्यातून, गॅसची टाकी गल्ल्यातून, पाहुणे आले की फळीवरचा बिस्किटाचा पुडा घरात. कुणी लिहीत नाही, कारण घरचंच तर आहे. मग सोमवारी सेल्समन बिल घेऊन आला की 'पुढच्या फेरीला देतो.'

आम्ही वहीत 'घर' नावाचं खातं उघडलं. बायको तेल नेते, लिहिलं जातं. अण्णांची तपकीर, लिहिली जाते. पहिल्या महिन्याचा आकडा बघून घरात दोन दिवस अबोला होता, पण सेल्समनला कमी पडणाऱ्या पैशांतला मोठा भाग तिथंच सापडला. आता मी महिन्याला ठरलेली रक्कम पगार म्हणून उचलतो आणि घरचं खातं त्यातून भागवतो. सकाळी गल्ल्यात ५०० रुपयांची चिल्लर ठेवून सुरुवात करायची. रात्री रोख, मोबाइलवर आलेले आणि त्या दिवशी दिलेली उधारी यांची बेरीज मांडायची. दहा मिनिटांचं काम आहे, कंटाळा मात्र तासाभराचा येतो.

उधारी द्या, पण पगार बघून

'आज रोख उद्या उधार' ही पाटी आमच्या भिंतीवर माझ्या जन्माआधीपासून आहे. तिच्याच खाली खिळ्याला उधारीच्या वह्या टांगलेल्या असतात. यंत्रमाग आणि विडीच्या वस्तीत उधारी बंद करा असं सांगणाऱ्यानं इथं दुकान चालवून दाखवावं. चूक उधारी देण्यात नाही. ती किती होऊ द्यायची हे न ठरवण्यात आहे.

माझा अनुभव असा की आठवड्याच्या कमाईएवढी उधारी माणूस फेडतो. त्याच्या पुढं गेली की तो लाजतो. दोन आठवड्यांची झाली की रस्ता बदलतो. आमच्याकडं वर्षानुवर्षं येणारी एक मावशी अशीच दिसेनाशी झाली. मला वाटलं गावाला गेली असेल. एक दिवस पाहिलं तर मागच्या बोळातून हातात दुसऱ्या दुकानाची पिशवी घेऊन चालली होती. तिच्याकडं उधारीचे माझे १,८०० रुपये होते. ते तर अडकलेच, पण महिन्याची जी रोखीची खरेदी ती करायची तीही शेजारच्याकडं गेली. चूक माझी. ७०० वर असताना हसत हसत 'मावशी, या पगाराला थोडं कमी करू' म्हणालो असतो तर ती आजही माझ्याच फळीवर असती.

म्हणून मर्यादा आधी सांगा, वही उघडतानाच. चारचौघांत मागू नका. गिऱ्हाइकालाही एक छोटी वही द्या आणि दोन्ही वह्यांत एकदम लिहा, म्हणजे 'मी नेलंच नाही' हा वाद होत नाही. रक्कम मोठी असेल तर महिन्याला बाकीखाली सही घ्या. उधारीच्या दाव्याची मुदत साधारण ३ वर्षांची असते आणि त्या मुदतीत बाकी लेखी कबूल झाली तर ती नव्यानं मोजली जाते. कोर्टात कोण जातं म्हणा, पण सही केलेला माणूस विसरत नाही. बुडालेल्या ५०० रुपयांची भरपाई ८ टक्के नफ्यानं करायची तर ६,२५० रुपयांचा माल विकावा लागतो, हे मी वहीच्या पुठ्ठ्यावर आतून लिहून ठेवलंय.

स्कीमच्या मोहात गोदाम भरू नका

'शेठ, बारावर एक फ्री, आज शेवटचा दिवस.' तो शेवटचा दिवस दर महिन्याला येतो. एका मार्चमध्ये मी असाच चॉकलेटच्या गोळ्यांचा ढीग घेतला. वर पत्रा, बाहेर सोलापूरचा एप्रिल, पारा ४२ च्या पुढं. गोळ्यांचा बरणीत एकच गोळा झाला. पोरं येऊन बरणी हलवून बघायची आणि हसायची. फुकटच्या एका पेटीपायी बारा पेट्यांचे पैसे घातले.

उन्हाळ्यात शेंगदाण्यालाही जपा. आपल्याकडं चटणीमुळं तो खपतो म्हणून पोतीच्या पोती भरून ठेवली तर पत्र्याखाली खवट होतो, आणि खवट दाण्याची चटणी झालेलं घर तुम्हाला वर्षभर माफ करत नाही. चहापूड साबण-उदबत्तीच्या शेजारी ठेवू नका, वास धरते. नवा माल फळीवर मागं लावा, जुना पुढं ओढा. तारीख संपायला महिना असतानाच सेल्समनला दाखवा. संपल्यावर तो फोन उचलत नाही.

साठा किती असावा? रोज खपणाऱ्या मालाला मी आठ-दहा दिवसांची मर्यादा ठेवतो. २२ सप्टेंबर २०२५ ला अंगाचा साबण, टूथपेस्ट, शांपू, बिस्किटं यांवरचा जीएसटी १८ वरून ५ टक्क्यांवर आला तेव्हा याची किंमत कळली. ज्यांच्याकडं जुन्या भावाचा माल तुंबला होता ते भावफरकासाठी एजन्सीच्या मागं फिरत होते. माझं चार पेट्यांत भागलं.

ऑनलाइन पैशाबद्दल थोडक्यात. गिऱ्हाइकानं पुढं केलेला स्क्रीनशॉट म्हणजे पैसे नव्हेत. स्पीकर बोलला किंवा तुमच्या मोबाइलवर जमा दिसलं तरच पिशवी सोडा. सकाळी दुकान उघडताना आपलाच क्यूआर आपण एकदा स्कॅन करून नाव बघा, कारण वर दुसरा कागद चिकटवून जाणारे असतात. आणि थंड बाटलीवर 'फ्रिजचे दोन रुपये' लावू नका. छापील किमतीपेक्षा जास्त घेता येत नाही. बंदी असलेल्या प्लॅस्टिक पिशवीला पहिलाच दंड ५,००० रुपये आहे, तो किती पोती साखर विकून निघेल ते वरच्या हिशेबावरून काढा.

फक्त आपल्या घरचं कॅलेंडर बघून माल भरू नका

ही चूक सोलापुरात सगळ्यात महाग पडते. संक्रांतीला आणि सिद्धेश्वरांच्या गड्ड्याच्या यात्रेला तीळ-गूळ सगळेच भरतात. पण आमच्या तेलुगू वस्तीच्या पूर्व भागात नारळी पौर्णिमेला मार्कंडेय महामुनींचा रथ निघतो, नवरात्रात बतकम्मा हा बायकांचा फुलांचा सण असतो, कोजागिरीला माणसं तुळजापूरला चालत निघतात, रमजानमध्ये खजूर आणि शेवया संध्याकाळच्या आत संपतात. कानडी घरांत आणि शेतकरी घरांत येळामावस, म्हणजे शेतात पूजा करून जेवायची अमावस्या. माझ्याकडं एका वहीत वर्षभराचे हे सगळे दिवस आहेत आणि समोर मागच्या वर्षी काय कमी पडलं ते. सण झाला की त्याच रात्री लिहायचं, दुसऱ्या दिवशी आठवत नाही.

भाषेचंही तेच. मीठ तेलुगूतही उप्पू, कानडीतही उप्पू, एवढ्यावर निभावतं. पण कामाला नवीन लागलेल्या, खेड्यातून आलेल्या आमच्या पोरानं पहिल्याच आठवड्यात एका तेलुगू म्हातारीला 'पप्पू आज आला नाही' म्हणून परत पाठवलं. तिला अर्धा किलो तूरडाळ हवी होती. दोन तासांनी ती नातवाला घेऊन आली आणि नातवानं त्याला समजावलं. आता डाळीच्या डब्यावर त्या पोराच्या अक्षरात 'कंदी पप्पू' लिहिलंय, गुळाच्या डब्यावर 'बेल्लम', आणि म्हातारी पूर्ण महिन्याची यादी त्यालाच सांगते.

अण्णांचं विचाराल तर ते अजून पुड्या बांधतात. काटा १.००२ वर थांबवतात, नाखुशीनं. मग पुडीसोबत आलेल्या पोराच्या हातावर गुळाचा एक खडा ठेवतात आणि माझ्याकडं बघतात. तो खडा मी 'घर' खात्यावर लिहितो.