पद्मिनीची टिकटिक

आमची १९८६ ची प्रीमियर पद्मिनी गाडी सकाळी थंड असताना टिकटिक करायची. घोडबंदर रोडला लागेपर्यंत आवाज गायब. मेकॅनिक म्हणाला, टॅपेट, म्हणजे इंजिनाचे व्हॉल्व्ह ढकलणारे भाग. सेट करून घेतले, फरक शून्य.

मग एक्झॉस्टमधून कुठे गळती आहे का ते बघायला, इंजिन पूर्ण गार असताना व्हॅक्यूम क्लीनरची फुंकणारी बाजू सायलेन्सरच्या टोकाला चिंध्या कोंबून बसवली आणि सगळ्या जोडांवर साबणाचं पाणी मारलं. मॅनिफोल्डच्या (इंजिनाचा धूर गोळा करून सायलेन्सरकडे नेणाऱ्या पाइपांच्या जोडाच्या) मागच्या कोपऱ्यात फेस फसफसला. तिथेच काजळीचा पट्टा होता, इतके दिवस दिसला कसा नाही कोण जाणे!

गंजलेल्या नटांना रात्रभर तेल पाजलं, तरी एक स्टड (नट बसतो तो आट्यांचा दांडा) तुटलाच. वेल्डिंगवाल्याने त्यावर नट चिकटवून तो फिरवून काढला. जोड हवाबंद ठेवणारी नवी गॅस्केट टाकली, नट मधून बाहेरच्या दिशेने थोडे थोडे आवळले. एकदा गरम होऊन गार झाल्यावर पुन्हा अर्धा फेरा बसला.