काळजी घेणाऱ्याची सुट्टी: या चुका टाळा

घरी आजारी माणूस असलं की त्याचं सगळं करणाऱ्यालाही विसावा हवा, हे सगळ्यांना पटतं. तरी निम्म्या सुट्ट्या दुसऱ्याच दिवशी मोडतात. बदली म्हणून मी अशा घरांत जाते. कुठली सुट्टी टिकणार नाही, ते दारातच कळतं.

माझ्या डोक्यात जाणारी चूक म्हणजे पाच मिनिटांत माहिती उरकणं. "गोळ्या डब्यात आहेत, बाकी बाबाच सांगतील." एका घरी पार्किन्सनचे आजोबा होते. डब्यावर नुसतं सकाळ, दुपार, रात्र. माझ्याआधी आलेल्या मुलीने गोळ्या जेवणानंतर दिल्या. लेव्होडोपा या पार्किन्सनच्या गोळीला घड्याळ लागतं, आणि प्रथिनं जास्त असलेल्या जेवणासोबत तिचा परिणाम कमी होऊ शकतो. संध्याकाळी आजोबा बाथरूमच्या उंबऱ्यावर थिजले, ना पुढे ना मागे. सून अर्ध्या वाटेतून परत आली आणि घरात ठरून गेलं की 'बाहेरच्यांना जमत नाही'. त्या मुलीला वेळा कुणी सांगितल्याच नव्हत्या!

मी जायच्या आधीच अट घालते: एक अख्खा दिवस दोघींनी एकत्र काढायचा. रोजच्या माणसाने हात बांधून बसायचं, नवीन माणसाने करायचं. कागदावर गोळ्यांच्या नेमक्या वेळा, कूस कधी बदलायची (स्वतः हलता येत नसेल तर साधारण दर 2 तासांनी, डॉक्टर सांगतील तसं), पाणी पातळ चालतं की गिळायला त्रास होतो म्हणून घट्ट करून द्यावं लागतं, डॉक्टरांचा नंबर. आणि हेही लिहा की आंघोळीला 'नको' म्हटलं तर खरंच नको, की दहा मिनिटांनी पुन्हा विचारायचं. कागद पलंगाशेजारी भिंतीवर लावा. व्हिडिओ कॉलवर शिकवते म्हणणाऱ्यांना मी सरळ नाही म्हणते. माणसाला पलंगावरून खुर्चीत बसवणं नुसतं बघून येत नाही.

दुसरी चूक, स्वतःची पाठ धरल्यावर सुट्टी शोधणं. तेव्हा मिळेल तो माणूस घ्यावा लागतो. काळजी घेणाऱ्यावर किती ताण आहे ते मोजणारी झारिट यांची 22 प्रश्नांची प्रश्नावली अधूनमधून भरा. गुण चढत असतील तर तारीख लगेच ठरवा.

स्मृतिभ्रंशाच्या माणसाला पहिल्याच खेपेला आठवडाभर परक्या जागी ठेवू नका. आधी दिवसाचे काही तास. घाई करणाऱ्यांना हे कंटाळवाणं वाटतं, वाटू दे.

सुट्टीत बँक, माळा, साठलेलं इस्त्रीचं काम काढू नका. झोपा.

"काही लागलं तर सांग" म्हणणाऱ्या नातेवाइकांना वार आणि वेळ सांगा. बरेच जण तिथेच गळतात, पण उरतो तो कामाचा असतो.

आणि तासातासाला फोन नको. मी सांगून ठेवते, रात्री 8 वाजता मीच करेन, काही बिनसलं तर त्याआधी. मधे तुमचा नंबर दिसला तरी उचलणार नाही. पहिल्या दिवशी सगळेच रागावतात.