ब्राउझरची हिस्टरी शिफारशींसाठी बाहेर जाते ती कुठून, आणि ती कशी थांबवायची

गुडघेदुखीबद्दल दोन-चार पाने वाचली, की क्रोमच्या नव्या टॅबवर सांधेदुखीच्या बातम्या आणि तेलांच्या जाहिराती सुरू होतात. मग बहुतेक जण हिस्टरी पुसतात. तरीही बातम्या येतच राहतात. कारण पुसली जाते ती ब्राउझरमधली यादी. गूगल खात्याच्या ॲक्टिव्हिटीतली नोंद वेगळी असते, आणि शिफारशी मुख्यतः तिच्यावर चालतात. त्यामुळे काम खात्यापासून सुरू करायचे आणि पुसापुशी अगदी शेवटी करायची.

आधी नेमके काय बाहेर जाते ते पाहू. साइटचे नुसते नाव गेले तर तुम्ही एखाद्या रुग्णालयाच्या साइटवर गेलात इतकेच कळते. पानाचा पूर्ण पत्ता गेला तर कोणता विभाग, कोणता आजार, कोणती तपासणी हेही कळते. शोधलेले शब्द तर पत्त्यातच असतात. मराठीत शोधले की पत्ता कॉपी केल्यावर शब्दांच्या जागी टक्क्याची चिन्हे, इंग्रजी अक्षरे आणि आकडे यांची लांबलचक माळ दिसते, एकट्या 'म'साठी नऊ चिन्हे. ते वाचता येत नाही म्हणून सुरक्षित आहे असा अनेकांचा समज असतो. तसे अजिबात नाही. ती फक्त लिहिण्याची पद्धत आहे, आणि कोणताही सर्व्हर ती क्षणात उलगडून 'मधुमेहावर उपाय' असे वाचतो.

गूगल खाते आणि क्रोम

अँड्रॉइड फोनवर सेटिंग्ज, गूगल, 'मॅनेज युअर गूगल अकाउंट', 'डेटा अँड प्रायव्हसी' असे जा आणि 'वेब अँड ॲप ॲक्टिव्हिटी' उघडा. तिथे क्रोमची हिस्टरी आणि गूगलच्या सेवा वापरणाऱ्या साइट, ॲप व उपकरणांवरच्या हालचाली सामील करण्याची एक चौकट असते. तिच्यातली खूण काढा. संपूर्ण ॲक्टिव्हिटी बंद करायची गरज नाही. ती चालू ठेवली तर गूगल सर्च आणि मॅप्सवर शोधलेल्या गोष्टी पूर्वीसारख्या लक्षात राहतात, फक्त ब्राउझरमध्ये फिरलेल्या पानांची भर पडणे थांबते. त्याच पानावर 'ऑटो-डिलीट' आहे. ३, १८ आणि ३६ महिने असे पर्याय मिळतात, ३ निवडा.

जाहिरातींचे 'पर्सनलायझेशन' बंद करण्याचे बटण वेगळ्या जागी, 'माय ॲड सेंटर'मध्ये आहे. तेही बंद करा, पण त्याने नोंद होणे थांबत नाही, नोंदीवरून जाहिरात निवडणे थांबते. या दोन गोष्टींची गल्लत सर्रास होते. जाहिराती बदलल्या म्हणजे प्रश्न सुटला असे वाटते आणि नोंद मागे साठतच राहते.

आता क्रोममध्ये या. संगणकावर सेटिंग्जच्या वरच्या शोधपट्टीत 'सिंक' लिहा. सिंक म्हणजे ब्राउझरमधली माहिती खात्यामार्फत सगळ्या उपकरणांवर सारखी ठेवणे. आवृत्तीगणिक मेनूंची नावे आणि जागा बदलतात, म्हणून वाट पाठ करण्यापेक्षा शोधपट्टी बरी. सिंकच्या यादीतली 'हिस्टरी' बंद करा. बुकमार्क आणि पासवर्ड चालू ठेवलेत तरी चालतील. फोनवर क्रोमच्या सेटिंग्जमध्ये आपल्या खात्याच्या नावावर टॅप केले की हिस्टरी आणि टॅबचे बटण दिसते.

दुसरा मार्ग सिंक-पासफ्रेजचा. सिंकच्या एन्क्रिप्शनमध्ये, म्हणजे माहिती कुलूपबंद करण्याच्या सोयीत, स्वतःचा पासफ्रेज (लांब पासवर्ड) घातला की सिंक झालेला मजकूर गूगललाही वाचता येत नाही, आणि पाहिलेल्या साइटवरून येणाऱ्या शिफारशी बंद होतात. त्याची किंमत आधी जाणून घ्या. सगळ्या उपकरणांवर तो पासफ्रेज पुन्हा द्यावा लागतो. साठवलेले पासवर्ड गूगलच्या पासवर्डच्या वेबपानावर दिसत नाहीत. हिस्टरीपैकी ॲड्रेस बारमध्ये हाताने टाईप केलेले पत्तेच तेवढे सिंक होतात. आणि पासफ्रेज विसरलात तर सर्व्हरवरचा सिंकचा सगळा साठा पुसून पुन्हा सुरुवात करावी लागते. तो कागदावर लिहून घरच्या महत्त्वाच्या कागदपत्रांत ठेवा. ज्यांना एकापेक्षा जास्त उपकरणांवर बुकमार्क हवेत पण शिफारशी नकोत, त्यांना हा मार्ग सर्वांत चांगला.

यानंतर 'मेक सर्चेस अँड ब्राउझिंग बेटर' शोधा. नाव गोड आहे, पण काम एकच: भेट दिलेल्या पानांचे पत्ते गूगलकडे पाठवणे. सिंक बंद असूनही हे चालू राहू शकते, आणि सिंक बंद करून थांबणाऱ्यांकडून नेमके हेच सुटते. बंद करा. जवळच 'एन्हान्स्ड स्पेल चेक' असेल तर तेही. त्यात तुम्ही लिहिलेला मजकूर तपासणीसाठी बाहेर जातो.

'सेफ ब्राउझिंग'बाबत मात्र घाई नको. 'एन्हान्स्ड' पर्यायात पानांचे पत्ते गूगलकडे जातात, 'स्टँडर्ड'मध्ये पत्त्याचा सांकेतिक तुकडा मधल्या वेगळ्या सर्व्हरमार्फत तपासला जातो. स्वतः सावध असणाऱ्याला 'स्टँडर्ड' पुरेसा आहे. घरात वीजबिलाच्या किंवा केवायसीच्या बनावट लिंकवर बोट ठेवणारे कोणी असेल तर त्यांच्या फोनवर 'एन्हान्स्ड' राहू द्या. तिथे हिस्टरीपेक्षा बँकेतले पैसे मोठे. 'नो प्रोटेक्शन' कोणासाठीच निवडू नका.

'ॲड प्रायव्हसी' नावाचा विभाग दिसत असेल तर त्यातली तिन्ही बटणे बंद करा. 'ॲड टॉपिक्स'मध्ये ब्राउझरच पाहिलेल्या साइटच्या नावांवरून दर आठवड्याचे तुमचे पाच आवडीचे विषय ठरवत असे आणि मागितल्यावर गेल्या तीन आठवड्यांतला प्रत्येकी एक विषय साइटला सांगत असे. पूर्ण हिस्टरी देण्यापेक्षा ते कितीतरी सौम्य होते, हे मान्य करायलाच हवे. तरीही ब्राउझरने आपल्याबद्दल बोलावे का, हा मूळ प्रश्न उरतोच. ऑक्टोबर २०२५ मध्ये गूगलने ही व्यवस्था गुंडाळण्याचे जाहीर केले, त्यामुळे नव्या आवृत्तीत हा विभाग न दिसल्यास काळजीचे कारण नाही.

एज

विंडोज संगणकावर मायक्रोसॉफ्टचा हा ब्राउझर आधीपासून असतो आणि त्याच्या सेटिंग्जकडे कोणी फिरकत नाही, म्हणून इथे जास्त लक्ष द्या. 'प्रायव्हसी, सर्च अँड सर्व्हिसेस'मध्ये 'पर्सनलायझेशन' शोधा. हिस्टरी, वापर, आवडत्या साइट आणि पानांवरचा मजकूर साठवून जाहिराती, शोध, खरेदी व बातम्या तुमच्याजोग्या करण्याची परवानगी मायक्रोसॉफ्टला देणारे बटण तिथे आहे. ते बंद. मग मायक्रोसॉफ्ट खात्याच्या प्रायव्हसी पानावर जाऊन आधी साठलेली ब्राउझिंग हिस्टरी वेगळी पुसा. नव्या टॅबवरच्या गिअरच्या चिन्हातून बातम्यांचा भाग पूर्ण बंद करता येतो.

अशा सोयी किती सहज वाहवत जातात याचे उदाहरण एजमध्येच आहे. एप्रिल २०२३ मध्ये उघड झाले, की आवडत्या क्रिएटर्सना (व्हिडिओ वगैरे बनवणाऱ्यांना) फॉलो करण्यासाठी दिलेली एक सोय जवळपास प्रत्येक पानाचा पत्ता बिंग या मायक्रोसॉफ्टच्याच सर्च इंजिनच्या सर्व्हरकडे पाठवत होती. ती मुळातच चालू होती. कोणते क्रिएटर्स सुचवायचे हे ठरवायला पत्ते हवेत, या कल्पनेतूनच हे घडते. म्हणून एजमध्ये 'सजेशन' शब्द शोधून येतील ती सगळी बटणे एकदा पाहून घ्या.

फायरफॉक्स आणि सफारी

फायरफॉक्सचे सिंक मुळातच असे आहे की तो बनवणाऱ्या मोझिलाला हिस्टरी वाचता येत नाही, त्यामुळे पासफ्रेजची वेगळी खटपट नाही. म्हणून तिथे काहीच पाहायचे नाही असे मात्र समजू नका. ऑक्टोबर २०१७ मध्ये जर्मनीत फायरफॉक्स उतरवणाऱ्यांपैकी एक टक्क्याहून कमी लोकांना क्लिक्झ ही शिफारशी देणारी जोड असलेला ब्राउझर दिला गेला, आणि त्यातून भेट दिलेल्या पानांचे पत्ते क्लिक्झकडे जात. जुलै २०२४ च्या १२८ व्या आवृत्तीत जाहिरात-मोजणीचा एक प्रयोग न विचारता चालू आला होता. सेटिंग्जमध्ये 'होम' विभागातल्या प्रायोजित गोष्टी आणि सुचवलेल्या बातम्या बंद करा, ॲड्रेस बारच्या सूचनांतून प्रायोजकांच्या सूचना काढा, आणि 'प्रायव्हसी अँड सिक्युरिटी'मधल्या माहिती गोळा करण्याच्या खुणा काढा.

आयफोनवर सफारीच्या सेटिंग्जमध्ये 'प्रिव्हेंट क्रॉस-साइट ट्रॅकिंग' चालू आहे ना, एवढे पाहिले तरी बरेच झाले.

एक्स्टेन्शन

ब्राउझर कितीही कडक केला तरी एक एक्स्टेन्शन, म्हणजे ब्राउझरला जोडलेला छोटा प्रोग्रॅम, सगळे फोल ठरवू शकते. कूपन शोधणारी, किमतींची तुलना करणारी, साइट सुरक्षित आहे का सांगणारी एक्स्टेन्शन बसवताना 'सर्व साइटवरील तुमची माहिती वाचणे आणि बदलणे' ही परवानगी मागतात. ती दिली की पूर्ण पत्त्यांसह सगळी हिस्टरी त्यांच्या हाती. अव्हास्ट या अँटिव्हायरस कंपनीच्या एक्स्टेन्शन आणि सॉफ्टवेअरमधून गोळा झालेली हिस्टरी जम्पशॉट या तिच्याच कंपनीमार्फत विकली जात होती. जानेवारी २०२० मध्ये जम्पशॉट बंद झाली, आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने अव्हास्टवर १.६५ कोटी डॉलर भरण्याची अट घातली. संरक्षणासाठी बसवलेल्या गोष्टीनेच हे केले, म्हणून नाव मोठे आहे एवढ्यावर विसंबू नका.

क्रोममध्ये एक्स्टेन्शनच्या 'डिटेल्स'मध्ये जाऊन साइटची परवानगी 'ऑन क्लिक' करा. मग तुम्ही त्याच्यावर क्लिक कराल त्याच पानावर ते चालते. जाहिराती अडवणारे एक्स्टेन्शन मात्र असे केल्यास बहुधा नीट चालत नाही. त्याला बहुतेक वेळा पूर्ण परवानगी द्यावी लागते, म्हणून असे एकच ठेवा. सहा महिन्यांत न वापरलेली सगळी काढून टाका.

पुसणे आणि तपासणे

बटणे बंद झाल्यावरच पुसा. उलट क्रमाने केले तर पुसल्याच्या पुढच्या मिनिटापासून पुन्हा साठू लागते. गूगल खात्याच्या 'माय ॲक्टिव्हिटी' या नोंदींच्या पानावर क्रोमचा फिल्टर लावून नोंदी काढा, मग ब्राउझरमधली हिस्टरी पुसा. हिस्टरीचे सिंक चालू असताना एका उपकरणावर पुसले तर ती सगळ्या उपकरणांवरून जाते, हे घरातले इतर जण तेच खाते वापरत असतील तर आधी सांगा.

खात्रीसाठी कधीही न पाहिलेली एखादी साइट उघडा, चार-पाच पाने वाचा आणि दुसऱ्या दिवशी 'माय ॲक्टिव्हिटी'त पाहा. क्रोमच्या नावाखाली ती दिसली तर बहुधा तीनपैकी एक कारण असते: फोनवर दुसरे गूगल खाते चालू आहे, क्रोममध्ये दुसरे प्रोफाइल आहे, किंवा दुसऱ्या उपकरणावर सेटिंग बदलायचे राहिले. 'वेब अँड ॲप ॲक्टिव्हिटी' प्रत्येक खात्यासाठी वेगळी, आणि 'मेक सर्चेस' हे बटण प्रत्येक प्रोफाइल व उपकरणासाठी वेगळे पाहावे लागते. इनकॉग्निटो, म्हणजे क्रोमची खासगी खिडकी, हा यावरचा उपाय नाही. त्यात ब्राउझर यादी ठेवत नाही, पण खिडकीत खात्यात लॉगिन केले की नोंद खात्यावर होऊ शकते.

नवा फोन घेतल्यावर किंवा क्रोममध्ये पुन्हा साइन इन केल्यावर हे सगळे एकदा परत तपासा, कारण सिंकला होकार देणारे मोठे निळे बटण घाईत दाबले जाते. कार्यालयाच्या संगणकावर क्रोमच्या मेनूत 'मॅनेज्ड बाय युअर ऑर्गनायझेशन' दिसत असेल तर काही बटणे तुमच्या हातात नसतातच. तिथे आजारपण, कर्ज किंवा नव्या नोकरीचा शोध घेऊ नका. ते स्वतःच्या फोनवर, कार्यालयाचे वाय-फाय बंद करून पाहा.