कोरांटी लावा, पण १५ ऑगस्टनंतर कात्री लपवून ठेवा

"रोज पाणी घालायला जमत नाही पण फुलं हवीत, काय लावू?" असं कोणी विचारलं की मी कोरांटी सांगते आणि समोरच्याचा चेहरा जरा पडतो, कारण त्याला अडेनियम नाहीतर बोगनवेल ऐकायची असते. कोरांटी म्हणजे आजीच्या परसातलं, कुंपणाला असायचं ते, एवढंच डोक्यात असतं. अहो पण परसात कोणी ढुंकून न बघताही ती वर्षानुवर्षं फुलायचीच ना! आपल्या ठाणे-नवी मुंबई भागात तर ती अगदी घरची आहे, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये ठाण्याजवळ येऊरच्या जंगलात गेलात तर वाटेच्या कडेला जंगली कोरांट्या दिसतील. फक्त बघायच्या हां, उपटून आणायच्या नाहीत, तो सगळा नॅशनल पार्कचा भाग आहे.

आधी कुठली घ्यायची ते ठरवा. घोडबंदरच्या किंवा बेलापूरच्या नर्सरीत नुसतं कोरांटी म्हटल्यावर माणूस गोंधळला तर बार्लेरिया म्हणा, लगेच कळेल. पिवळी कोरांटी, जिला वज्रदंती पण म्हणतात, तिच्या पानांच्या बेचक्यात चांगले टोकदार काटे असतात, म्हणून ती सोसायटीच्या कंपाउंडला मस्त, कुत्रं-मांजर आत शिरत नाही, पण घरात लहान मुलं असतील तर बाल्कनीत नको. जांभळी आणि पांढरी कोरांटी वेगळी, तिला असे काटे नसतात, फुलाखालचं हिरवं आवरण तेवढं कंगव्यासारखं दातेरी असतं ते बोटाला जरा टोचतं. तिच्यातच पांढऱ्यावर जांभळे पट्टे असलेलीही मिळते आणि माझ्या मते गजऱ्यात तीच सगळ्यात उठून दिसते. लाल फुलांची म्हणून जी विकतात ती आफ्रिकेतून आलेली, दिसायला छान आहे पण आपण देशी झाडाबद्दल बोलतोय.

आता ऊन. बहुतेक लोक इथेच फसतात, कारण झाड मे महिन्यात आणतात आणि तेव्हा बाल्कनीत ऊन बघून खूश होतात. पण मे-जूनमध्ये आपल्याकडे सूर्य अगदी डोक्यावर, थोडा उत्तरेकडेच असतो, आणि कोरांटी फुलते दिवाळीपासून संक्रांतीपर्यंत, तेव्हा तो दक्षिणेला सरकलेला असतो. म्हणजे उत्तरेच्या बाल्कनीत उन्हाळ्यात ऊन येतं आणि फुलांच्या दिवसात बरोब्बर गायब होतं, आणि दक्षिणेची बाल्कनी जी मे महिन्यात सावलीत वाटते तिथे डिसेंबरात ऊन पार आतपर्यंत येतं. तर कोरांटीला दक्षिण सगळ्यात भारी, मग पूर्व-पश्चिम, आणि उत्तरेची असेल तर सरळ टेरेसवर नाहीतर खाली सोसायटीत लावा. चार तास तरी ऊन हवंच, कमी उन्हात मरत नाही ती, नुसती लांबुडकी वाढते आणि पानं दाखवते.

माती फार लाडाची नको. लाल माती दोन भाग, जुनं शेणखत किंवा गांडूळखत एक भाग, आणि एक भाग जाडी रेती नाहीतर बारीक मुरूम. नुसतं कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, भरून जी रोपं येतात त्यांची माती बदलाच, आपल्या पावसात ते स्पंज होऊन बसतं आणि मुळं कुजतात. कुंडी १२ इंचाची आणि तळाला भोकं मोकळी पाहिजेत. नवी मुंबईत खाडीजवळ राहणाऱ्यांनी जमिनीत लावायच्या आधी एक बघा, भराव टाकून केलेल्या जागेत थोडं खणलं की डेब्रिज लागतं आणि खालून खारटपणा वर येतो, म्हणून तिथे विटा लावून फूटभर उंच वाफा करा आणि त्यात चांगली माती भरा. कुंपण करायचं असेल तर दोन रोपांत दीड ते दोन फूट अंतर पुरे, ती आपोआप भरते.

रोप विकत घ्यायची गरजही नाही खरं तर. कोणाकडे असेल तर पहिला पाऊस झाला की पेन्सिलीएवढी जाड, वीतभर फांदी मागून आणा, खालची पानं काढा, दोन पेरं मातीत जातील अशी खोचा आणि सावलीत ठेवा. साधारण महिन्याभरात मूळ धरते, रूटिंग पावडर वगैरे काही लागत नाही. दर पाच-सहा दिवसांनी उपटून मूळ आलं का ते बघणारे लोक असतात, कृपया तसं करू नका.

पाणी पावसाळ्यात घालायचंच नाही, उलट कुंडीखालची ताटली काढून ठेवा. थंडीत दोन-तीन दिवसांनी, बोट खुपसून माती कोरडी लागली तरच. एप्रिल-मे मध्ये बाल्कनीतल्या कुंडीला मात्र रोज थोडं लागतं, जमिनीतल्या झाडाला आठवड्यातून एक-दोनदा चालतं. गावाला गेलात आणि पानं मरगळली तर घाबरू नका, पाणी दिलं की परत उभी राहते. खत जूनमध्ये एक आणि सप्टेंबरमध्ये एक ओंजळ शेणखत, बास. युरिया देऊन काय होतं तर झाड हिरवंगार होतं आणि फुलांच्या नावाने बोंब.

आता कात्री, आणि ज्यांच्याकडे कोरांटी असून फुलत नाही त्यांनी हे नीट वाचा. कळ्या येतात त्या नवीन फुटीच्या टोकाला आणि वरच्या पानांच्या बेचक्यात. म्हणजे पावसाळ्यात जेवढे नवे शेंडे फुटतील तेवढी दिवाळीनंतर फुलं. म्हणून जूनमध्ये पहिल्या पावसाला धीर करून निम्म्याच्या खाली छाटा, बघवत नाही असं वाटलं तरी छाटा, त्याच तुकड्यांची नवी रोपं होतात. जुलैच्या शेवटी शेंडे फक्त नखाने खुडा, एका फांदीच्या दोन-तीन होतात. आणि १५ ऑगस्टनंतर कात्री कपाटात. सोसायट्यांमध्ये काय होतं की माळीकाका दिवाळीच्या आधी सगळं कंपाउंड साफ दिसावं म्हणून सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये कुंपण चौकोनी कापून टाकतात, आणि मग कमिटीवाले म्हणतात या कोरांटीला फुलंच येत नाहीत, उपटून दुसरं काहीतरी लावू. येणार कुठून, सगळ्या कळ्या गोणीत भरून गेल्या ना! माळीकाकांना आधीच सांगून ठेवा, त्यांचा दोष नाही, त्यांना कोणी सांगितलेलंच नसतं.

रोगबीग फार नाहीत. पिठ्या ढेकूण, म्हणजे तो कापसासारखा पांढरा मिलीबग, कोंडलेल्या बाल्कनीत येतो, पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुवा आणि मग लिटरभर पाण्यात ५ मिली नीम तेल आणि दोन थेंब भांड्यांचा साबण घालून संध्याकाळी फवारा, आठवड्याने परत एकदा. पावसात गोगलगायी कोवळी रोपं एका रात्रीत फस्त करतात, टॉर्च घेऊन वेचा, दुसरा उपाय नाही. आणि पानांवर काळ्या काटेरी अळ्या दिसल्या तर जरा थांबा, पॅन्सी जातीच्या फुलपाखरांच्या असू शकतात. मोठं झाड चार पानं गेल्याने मरत नाही, राहू द्या त्यांना.

फुलं काढायची ती सकाळी लवकर. फुलाला लांब नळी असते, हलकं ओढलं की आवरणातून अलगद निघून येतं आणि त्या नळीमुळे ओवायला किंवा दोऱ्याने गुंफायला एकदम सोपं. वास नसतो, त्यामुळे वेणीत मध्येमध्ये मरवा नाहीतर दवणा घाला. ओल्या फडक्यात गुंडाळून डब्यात घालून फ्रिजमध्ये ठेवलीत तर दुसऱ्या दिवशीच्या पूजेला चालतात. मार्गशीर्षातल्या गुरुवारी ठाण्याच्या बाजारात, जांभळी नाक्यावर, फुलांचे भाव विचारलेत की घरच्या कोरांटीची किंमत कळेल, नेमकी तेव्हाच ती भरात असते.

फुलदाणीत ठेवायची तर सुटी फुलं नाही, कळ्यांनी भरलेली फांदी कापा, पाण्यात बुडणारी पानं काढा आणि पाणी रोज बदला. उमललेली फुलं पटकन गळतात हे खरं, टेबल पुसत बसावं लागतं, पण खालच्या कळ्या पुढचे काही दिवस उमलत राहतात. सगळ्या फांद्या मात्र कापू नका, बी धरायला दोन-चार झाडावर ठेवा. बोंडं तपकिरी झाली की फटकन फुटून बिया लांब उडतात, म्हणून फुटायच्या आधीच कागदी पिशवीत काढून वाळवा आणि जूनमध्ये पेरा. पट्ट्यांची कोरांटी बियांपासून तशीच येईल याचा भरवसा नाही, तिची फांदीच लावा, आणि पिशवीवर रंग लिहायला विसरू नका, बिया सगळ्या सारख्याच दिसतात.